पेशीचे स्वभक्षण

जीर्ण वा अनावश्यक घटक दुहेरी पटलाच्या (पातळ आवरणाच्या) कोशात बंद करून त्यांचे विघटन करण्याची व सुटलेली अमिनो आम्ले पुन्हा वापरण्याची पेशीची प्रक्रिया. ऑटोफॅजी हे तिचे रूढ नाव बेल्जियन पेशीशास्त्रज्ञ क्रिस्टियान द दुव यांनी १९६३ मध्ये सुचविले. मात्र अर्धवट विरघळलेल्या तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरविणारे घटक) असलेले कोश त्याआधीच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते. जनुकीय उलगडा जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांचा. विघटक विकरे (एन्झाइम) नसलेले यीस्ट उपाशी ठेवल्यावर त्याच्या रिक्तिकेत, म्हणजे विघटन जिथे होते त्या पोकळीत, काही तासांत न मोडलेल्या गोल पिंडांची दाटी होते, हे त्यांनी पाहिले आणि १९९३ मध्ये ही क्रिया बिघडलेल्या उत्परिवर्तकांचे (जनुक बदललेल्या यीस्टचे) १५ गट प्रसिद्ध केले. त्यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

नियंत्रणाची कळ टॉर या प्रथिनाकडे आहे. अन्न मुबलक असता टॉर स्वभक्षण दाबून ठेवते. नायट्रोजन किंवा अमिनो आम्ले आटली की त्याचा जोर ओसरतो व स्वभक्षण सुरू करणारे एटीजी१ हे प्रथिनांचे संकुल कामाला लागते.

कोशाचे पटल येते कुठून, हा सर्वांत वादग्रस्त प्रश्न. तंतुकणिका, गॉल्जी पिंड, प्रद्रव्यपटल (पेशीचे बाहेरचे आवरण) अशा प्रत्येक उगमाच्या बाजूने पुरावे मांडले गेले. २००८ मध्ये आंतर्द्रव्यजालिकेला (पेशीतील पटलांच्या जाळ्याला) चिकटलेली, ओमेगा अक्षराच्या आकाराची उगमस्थाने वर्णिली गेली. एटीजी२ प्रथिन मेद रेणू एका पटलातून दुसऱ्यात वाहून नेते, हे २०१९ च्या सुमारास दिसून आल्यावर पारडे जालिकेकडे झुकले. एटीजी९ हे प्रथिन असलेल्या पुटिका (सूक्ष्म पिशव्या) बीजासारख्या आणि वाढीचा मेद मुख्यतः जालिकेतून, ही मांडणी आज अधिक ग्राह्य वाटते. इतर पटलांचा हातभार तिने नाकारला जात नाही.

कर्करोग व कंपवाताशीही या प्रक्रियेचा संबंध आहे. उपवासाने ती वाढते, हे उंदरांच्या यकृतात स्पष्ट दिसते. पण उंदराचा २४ तासांचा उपास आणि माणसाची एकादशी यांची बरोबरी करता येत नाही. शिवाय साबुदाणा किंवा भगर खाल्ल्यावर रक्तातील इन्सुलिन वाढते व इन्सुलिन टॉरला चालनाच देते.

मराठवाड्याच्या दृष्टीने वनस्पतींतील स्वभक्षण अधिक महत्त्वाचे, आणि त्याकडे जितके लक्ष द्यायला हवे तितके दिले जात नाही. येथील रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते आणि काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. पीक निसवून हुरड्यात येईतो जमिनीला भेगा पडू लागतात. खालची पाने आधी जातात. पिवळेपण टोकाकडून देठाकडे सरकते. या काळात पानातील हरितलवकांची प्रथिने मोडून नायट्रोजन कणसाकडे जातो. मका व अराबिडॉप्सिस (मोहरीच्या कुळातील, प्रयोगांत वापरली जाणारी वनस्पती) यांत स्वभक्षणाची एटीजी जनुके निकामी केली असता पाने लवकर पिवळी पडतात, तरी दाण्यात जाणारा नायट्रोजन घटतो. म्हणजे पान वाळणे आणि त्यातले सत्त्व दाण्यात उतरणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्वारीतही यंत्रणा अशीच असावी, असे मानण्यास आधार आहे.

परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात ज्वारीचा वाण केवळ दाण्यावर जोखला जात नाही, कडबाही पाहिला जातो. पाण्याच्या ताणातही हिरवी राहणारी पाने प्रकाशसंश्लेषण चालू ठेवतात व कडब्याचा कस राखतात, परंतु त्यांत अडकलेला नायट्रोजन दाण्याला मिळत नाही. या दोहोंचा तोल पेशीच्या पातळीवर समजून घ्यायचा, तर स्वभक्षणाचा अभ्यास थेट कोरडवाहू ज्वारीवरच व्हायला हवा.