वेब होस्टिंग सर्व्हरवरील ऑपरेटिंग सिस्टिमचे अपग्रेड

ज्या संगणकावर एक किंवा अनेक संकेतस्थळे, त्यांचे डेटाबेस आणि बहुधा ईमेलही चालतात, त्याची ऑपरेटिंग सिस्टिम जुन्या मुख्य आवृत्तीवरून नव्या मुख्य आवृत्तीवर नेण्याची प्रक्रिया. रोजच्या अपडेटपेक्षा हे काम वेगळे आहे. अपडेटमध्ये त्याच आवृत्तीतल्या चुका आणि सुरक्षेच्या फटी बुजवल्या जातात. अपग्रेडमध्ये कर्नल (प्रणालीचा गाभा), मूलभूत लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम वापरतात तो सामायिक कोड), वेब सर्व्हर, पीएचपी (संकेतस्थळांची पाने घडवणारी प्रोग्रॅमिंग भाषा) आणि डेटाबेस असा सगळा पायाच बदलतो, आणि त्यावर वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या संकेतस्थळांनी मात्र जागचे हलू नये अशी अपेक्षा असते.

प्रत्येक आवृत्तीला ठरलेले आयुष्य असते. उबंटू या लिनक्स प्रणालीची दीर्घ पाठिंब्याची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला नेहमीचा पाठिंबा ५ वर्षे मिळतो. होस्टिंगच्या व्यवसायात दीर्घकाळ सर्वत्र दिसणारी सेंटओएस या लिनक्स प्रणालीची ७ ही आवृत्ती जुलै २०१४ मध्ये आली आणि ३० जून २०२४ रोजी तिचा पाठिंबा संपला. त्या दिवशी कोणतेही संकेतस्थळ बंद पडले नाही आणि धोका नेमका इथेच आहे. सर्व्हर चालत राहतो, पण नव्याने सापडणाऱ्या फटींसाठी दुरुस्त्या येत नाहीत. शिवाय सेंटओएस ७ ज्या पत्त्यावरून पॅकेजेसची (बसवायच्या सॉफ्टवेअर संचांची) यादी मिळवत असे, तो पत्ताच बंद झाला आणि पॅकेजेस जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहात हलवली गेली. त्यामुळे उशिरा जागे झालेल्यांना अपग्रेडचे साधन उतरवून घेण्यासाठीसुद्धा आधी रेपॉझिटरीचे (पॅकेजेसच्या भांडाराचे) पत्ते हाताने बदलावे लागले.

सेंटओएसचा शेवट हा या विषयातला सर्वांत शिकवणारा प्रसंग म्हणावा लागेल. २००४ पासून ही प्रणाली रेड हॅट कंपनीच्या ‘रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स’ या प्रणालीच्या खुल्या स्रोतापासून तयार होऊन विनामूल्य मिळत असे. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत पाठिंबा मिळेल असे गृहीत धरून अनेकांनी ती बसवली. ८ डिसेंबर २०२० रोजी ती ३१ डिसेंबर २०२१ लाच संपणार असल्याचे जाहीर झाले. आठ वर्षांहून अधिक काळाचे नियोजन वर्षभरावर आले. त्यातून दोन पर्याय उभे राहिले. क्लाउडलिनक्स या कंपनीच्या पुढाकाराने अल्मालिनक्सची पहिली स्थिर आवृत्ती मार्च २०२१ मध्ये आली. सेंटओएसच्या संस्थापकांपैकी ग्रेगरी कुर्ट्झर यांनी रॉकी लिनक्स सुरू केले आणि दिवंगत सहसंस्थापक रॉकी मॅक्गॉ यांच्या स्मरणार्थ त्याला हे नाव दिले.

अपग्रेडचे मार्ग दोन आहेत. पहिला जागच्या जागी करण्याचा. डेबियन या लिनक्स प्रणालीत रेपॉझिटरीतले आवृत्तीचे नाव बदलून सर्व पॅकेजेस नव्याने घेतली जातात. रेड हॅटच्या कुळात लीप हे साधन वापरतात, आणि अल्मालिनक्सचा एलिव्हेट प्रकल्प त्याच्याच आधारावर उभा आहे. लीप आधी तपासणी करून अहवाल देते आणि त्यात ज्या बाबी अडथळा म्हणून नोंदवलेल्या असतात, त्या सोडवल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. मग सर्व्हर रीबूट होऊन एका तात्पुरत्या वातावरणात सुरू होतो आणि पॅकेजेस बदलली जातात. या काळात एसएसएचने (दुरून सर्व्हरवर काम करण्याच्या जोडणीने) आत शिरता येत नाही. म्हणून होस्टिंग कंपनीकडून मिळणारा कन्सोल (सर्व्हरचा पडदा थेट दाखवणारी खिडकी) चालतो की नाही, हे आधी पाहून ठेवावेच लागते. उडी एका वेळी एकाच मुख्य आवृत्तीची असते. ७ वरून ९ वर जायचे तर मध्ये ८ लागतेच.

दुसरा मार्ग म्हणजे नवा सर्व्हर घेऊन त्यावर नवी प्रणाली बसवायची आणि सामान तिकडे हलवायचे. खर्च थोडा जास्त, पण जुना सर्व्हर चालू असतानाच नव्याची हवी तेवढी तपासणी करता येते. जिथे इतरांची संकेतस्थळे सांभाळण्याची जबाबदारी आहे, तिथे हाच मार्ग धरावा असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. काही ठिकाणी तर तो धरावाच लागतो. ओपनव्हीझेड पद्धतीच्या आभासी सर्व्हरमध्ये कर्नल यजमान यंत्राचे असते, आतून ते बदलता येत नाही. रेड हॅटच्या नवव्या आवृत्तीला लागणाऱ्या सूचना फार जुन्या प्रोसेसरांना कळत नाहीत, मग तिथे प्रणाली सुरूच होत नाही.

प्रणाली बदलते आणि मोडतात ती तिच्यावर विसंबलेली माणसांची कामे. सेंटओएस ७ बरोबर पीएचपी ५.४ येत असे. डेटाबेसशी बोलणारी त्यातली जुनी फंक्शन्स पीएचपी ७ मधून, म्हणजे डिसेंबर २०१५ मध्येच, काढून टाकली गेली. नव्या पीएचपीवर असे संकेतस्थळ पहिल्याच पानाला थांबते. निदान ते दिसते तरी. न दिसणारे बिघाड अधिक वाईट. जीलिबसी या लिनक्सच्या मूलभूत लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत अक्षरांचा वर्णक्रम बदलला, त्यामुळे पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचे मजकुरावरचे जुने इंडेक्स (शोधसूची) नव्या क्रमाशी जुळेनासे झाले. नोंद तक्त्यात असते, पण शोधली की सापडत नाही. इंडेक्स नव्याने बांधणे हाच त्यावर उपाय.

देवनागरी मजकुराच्या संकेतस्थळांना याखेरीज एक खास दुखणे आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काना, हलन्त धरून १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट. मायएसक्यूएल या डेटाबेसचा पूर्वीचा मूळ वर्णसंच (अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याची ठरलेली पद्धत) लॅटिन-१ होता. कितीतरी मराठी संकेतस्थळांनी नकळत यूटीएफ-८चे बाइट लॅटिन अक्षरे म्हणून साठवले. साठवताना चूक आणि वाचतानाही तीच चूक, त्यामुळे पडद्यावर मराठी शुद्ध दिसत राहिली. मायएसक्यूएल ८.० मध्ये मूळ वर्णसंच यूटीएफ-८चा चार बाइटी प्रकार झाला. संकेतस्थळाची डेटाबेसशी जोडणी आता त्या वर्णसंचात बोलू लागली की जुना मजकूर परक्या स्वरांच्या आणि चिन्हांच्या रांगा होऊन बाहेर येतो. मजकूर गेलेला नसतो. स्तंभ आधी बायनरी आणि मग यूटीएफ-८ केला की बाइट न हलता ओळख सुधारते. थेट वर्णसंच बदलण्याची आज्ञा दिली तर मात्र चूकच कायमची कोरली जाते. अशा २५५ अक्षरांच्या लॅटिन-१ स्तंभात देवनागरीची फक्त ८५ चिन्हे मावत होती आणि उरलेली मुकाट्याने कापली जात होती. तो तुटका भाग कोणत्याही उपायाने परत येत नाही.

बॅकअपची कसोटी तो दुसरीकडे परत उभा करून पाहण्यातच आहे. मायएसक्यूएल ८.० ने ताब्यात घेतलेला डेटा पुन्हा ५.७ ला उघडता येत नाही. मागे फिरायचे तर स्नॅपशॉट (सर्व्हरची त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत) हाच आधार, आणि स्नॅपशॉटनंतर आलेल्या मागण्या, प्रतिक्रिया, ईमेल त्या वाटेने हरवतात. म्हणून कोणत्या क्षणानंतर मागे फिरायचे नाही, हे काम सुरू करण्यापूर्वीच ठरवून लिहून ठेवावे.

स्थलांतरात डीएनएसच्या (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेच्या) नोंदीची मुदत एक दिवस आधी ३०० सेकंदांवर आणतात, म्हणजे नवा पत्ता लवकर सर्वांपर्यंत पोहोचतो. फायली आरसिंक या साधनाने दोनदा हलवतात, पहिल्यांदा सगळ्या आणि बदलाच्या वेळी फक्त फरकाच्या. स्वतःच्या संगणकाच्या होस्ट्स फाइलीत नवा आयपी पत्ता लिहून प्रत्येक संकेतस्थळ आधी पाहून घेता येते. बदलाची वेळही वाचक कोण यावर ठरते. ज्या मराठी संकेतस्थळाचे वाचक अमेरिकेतही आहेत, त्याला भारतातली पहाट निवांत असेलच असे नाही. ईमेल नव्या पत्त्यावरून जाऊ लागले की उलट डीएनएस नोंद (आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी) आणि एसपीएफ (आपले ईमेल कोणत्या सर्व्हरने पाठवावे हे सांगणारी नोंद) दोन्ही जुळवावे लागतात, नाहीतर पत्रे स्पॅममध्ये जातात. जुन्या सर्व्हरवर नंतरही काही ईमेल येत राहते. ते नव्याकडे आणून, महिनाअखेरीला चालणारी कामेही एकदा नव्या सर्व्हरवर पार पडलेली पाहून मगच जुना सर्व्हर पुसतात.