स्किझोफ्रेनिया: बालपणीचे घाव आणि घरातल्या बोलण्याचा सूर

फ्रीडा फ्रॉम-राइखमान या मनोविश्लेषक विदुषींनी १९४८ साली स्किझोफ्रेनिया या भास-भ्रमांच्या गंभीर मानसिक आजाराचे खापर आईच्या वागणुकीवर फोडणारी कल्पना मांडली आणि त्यानंतर कितीतरी वर्षे असंख्य मातांना आजारी मुलाच्या काळजीबरोबरच अपराधीपणाचे ओझेही वाहावे लागले. पुराव्याच्या कसोटीवर ही कल्पना टिकली नाही. मात्र ती मोडीत निघाल्यावर मानसोपचारशास्त्राचा कल जनुके आणि मेंदूतील रसायने यांकडे इतका झुकला, की रुग्णाने लहानपणी काय सोसले, हा प्रश्नच बराच काळ बाजूला पडला.

२०१२ मध्ये ३६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. लहानपणी अत्याचार, हेळसांड, सोबत्यांकडून छळ अशा प्रतिकूल अनुभवांतून गेलेल्यांमध्ये भास-भ्रमांच्या आजारांची शक्यता सुमारे पावणेतीन पट अधिक असल्याचे त्यातून दिसले. हा आकडा वाचून लगेच कोणाच्या आईवडिलांकडे बोट दाखवू नये. असे बालपण वाट्याला आलेल्या बहुसंख्य व्यक्तींना हा आजार कधीच होत नाही, आणि अनेक रुग्णांचे बालपण चांगले गेलेले असते. फिनलंडमध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्या मातांच्या दत्तक दिलेल्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. त्यात बिघडलेल्या कौटुंबिक वातावरणाचा परिणाम मुख्यतः आनुवंशिक जोखीम असलेल्या मुलांवरच ठळकपणे आढळला.

सतत भीतीच्या छायेत वाढलेल्या मुलाची ताणाला प्रतिसाद देणारी यंत्रणा अतिसंवेदनशील बनते, असे मानले जाते. मोठेपणी इतरांना क्षुल्लक वाटणारा ताणही मग अशा व्यक्तीला जड जातो, टोमणा तिला जास्त लागतो आणि जवळच्यांवर विश्वास टाकणे अवघड होते. त्यातच संशय हे आजाराचेच एक लक्षण असल्यामुळे घरातले संबंध दोन्ही बाजूंनी ताणले जातात.

या संबंधांचे मोजमाप करण्याची पद्धत लंडनमधील समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. नातेवाइकांची सविस्तर मुलाखत ध्वनिमुद्रित करून त्यातील टीका, वैरभाव आणि अतिगुंतवणूक (म्हणजे रुग्णात भावनिकदृष्ट्या गरजेपेक्षा जास्त गुंतून राहणे) तपासायची, आणि तपासताना शब्दांइतकेच आवाजाच्या चढ-उताराकडेही लक्ष द्यायचे, असे तिचे स्वरूप होते. ‘दहा वाजले तरी तो अंथरुणातच असतो’ हे वाक्य निव्वळ माहिती असू शकते किंवा वैतागाने काढलेले उद्गारही. १९७२ च्या त्यांच्या अभ्यासात ज्या घरांत नातेवाइकांच्या बोलण्यात अशा भावनांची तीव्रता अधिक होती, त्या घरांतील ५८ टक्के रुग्णांचा आजार नऊ महिन्यांत उलटला; इतर घरांत हे प्रमाण १६ टक्के होते. पुढे चंदीगडमध्ये केलेल्या अभ्यासात अशा नातेवाइकांचे प्रमाण २३ टक्के, म्हणजे लंडनच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास आढळले. आपल्या कुटुंबव्यवस्थेचे गोडवे गाण्यासाठी हा निष्कर्ष सर्रास वापरला जातो. तो एका शहरापुरता आणि एका काळापुरता आहे, याचे भान ठेवलेले बरे.

टीका करणारे नातेवाईक दुष्ट असतात असे नाही. निरिच्छता, अंघोळीची टाळाटाळ, एकलकोंडेपणा ही आजाराची लक्षणे घरच्यांना आळस वाटतात, कारण भासांसारखी ती नजरेत भरत नाहीत. हे समजावून सांगणारे कुटुंब-प्रशिक्षण औषधांच्या जोडीने दिले, तर आजार उलटण्याचे प्रमाण घटते, हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्थांमधून शुभार्थी म्हणजे रुग्ण आणि शुभंकर म्हणजे त्यांची काळजी घेणारे, या दोघांसाठीही काम चालते.

परंतु ज्याने लहानपणी अत्याचार केला तोच आज शुभंकर म्हणून समोर बसलेला असेल, तर ‘घरच्यांनी प्रेमाने वागावे’ हा सल्ला नुसता अपुराच नव्हे, तर घातकही ठरू शकतो. आपल्याकडे रुग्णासोबत बहुधा सगळे कुटुंबच तपासणीच्या खोलीत येते आणि रुग्णाऐवजी तेच बोलते. म्हणून डॉक्टरांनी रुग्णाशी काही वेळ एकट्याने बोलणे, बालपणाबद्दल थेट पण घाई न करता विचारणे, आणि तो जे सांगेल ते केवळ भ्रम म्हणून झटकून न टाकणे, हा उपचाराचाच भाग आहे.