खाडीतील क्षारता आणि मत्स्यजीवन

नदीचे गोडे पाणी आणि भरतीबरोबर आत शिरणारे समुद्राचे पाणी जिथे मिसळते, तो पट्टा म्हणजे खाडी. तिथे कोणता मासा, किती आणि कोणत्या महिन्यात मिळेल हे पाण्याची क्षारता, तळाचा गाळ, कांदळवन आणि पाण्यातला प्राणवायू यांवर ठरते. कोल्हापूर जिल्ह्याला किनारा नाही, तरी काही खाड्यांचे गोडे पाणी याच जिल्ह्याच्या पश्चिम कडेवरून येते. गगनबावड्याच्या घाटमाथ्यावरचा पाऊस पूर्वेला कुंभीतून पंचगंगेला मिळतो. कड्याखाली पडणारा पाऊस शुक नदीतून खारेपाटणमार्गे विजयदुर्गच्या खाडीत उतरतो. चंदगड तालुक्यातली तिलारी दोडामार्गावरून गोव्यात शापोरा खाडीला जाते. कोल्हापूरच्या बाजारात घाट चढून येणाऱ्या खाडीच्या मासळीचा या पाण्याशी थेट संबंध आहे.

समुद्राची सरासरी क्षारता सुमारे ३५‰ असते, म्हणजे दर हजार भाग पाण्यात ३५ भाग क्षार. कोकणातल्या खाड्यांत मात्र कोणताच आकडा वर्षभर टिकत नाही. जुलै-ऑगस्टच्या पुरात खाडीचा बराच भाग जवळजवळ गोडा होतो आणि जड खारे पाणी तळालगत राहते. पाऊस ओसरला की खारटपणा हळूहळू नदीकडे सरकतो. एप्रिल-मेमध्ये तो सर्वांत आत पोहोचतो. त्यातच रोजच्या दोन भरत्या, अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची भांगाची म्हणजे कमी चढणारी भरती. त्यामुळे एखाद्या खाडीची ‘सरासरी क्षारता’ सांगून तिथल्या माशांबद्दल फारसे काही कळत नाही. क्षारता कधी, किती वेगाने आणि कुठवर बदलते, हे पाहावे लागते.

बहुतेक माशांच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश असते. गोड्या पाण्यात बाहेरचे पाणी शरीरात शिरत राहते. मासा भरपूर पातळ मूत्र टाकतो आणि कल्ल्यांतून क्षार शोषून घेतो. खाऱ्या पाण्यात शरीरातले पाणी बाहेर ओढले जाते. तेव्हा तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींतून बाहेर टाकतो. खाडीत कायम राहणाऱ्या माशाला ही दोन्ही कामे जमावी लागतात. त्यासाठी लागणारी ऊर्जा त्याच्या वाढीतून आणि प्रजननातूनच वजा होते. बोय, काळुंद्र, जिताडा यांना संथ बदल सोसतो. अचानक बदलाचा फटका आधी अंड्यांना आणि पिल्लांना बसतो.

बाल्टिक समुद्राच्या अभ्यासातून जर्मन प्राणिशास्त्रज्ञ आडोल्फ रेमाने यांनी १९३४ मध्ये दाखवले, की ५ ते ८‰ क्षारतेच्या आसपास तळाशी राहणाऱ्या प्राण्यांच्या जाती सर्वांत कमी असतात. गोड्या पाण्यातल्या जाती तिथवर टिकत नाहीत आणि समुद्रातल्या पोहोचत नाहीत. आपल्याकडे मोसमी पावसामुळे हा पट्टाच वर्षभर पुढे-मागे सरकत असतो. जाती थोड्या असल्या, तरी ज्या टिकतात त्यांची संख्या मोठी असते, कारण खाडीत अन्न मुबलक असते.

काही जातींना तर दोन्ही पाणी हवेच असते. जिताडा खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. पिल्ले आत मचूळ आणि गोड्या पाण्यात वाढतात. तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणून मोठे मासे सतत पकडले गेले तर अंडी देणाऱ्या माद्याच संपतात. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीचेही असेच आहे: तिच्या अळ्यांना १२‰ च्या आसपासचे पाणी लागते, त्यासाठी मादी नदीतून खाली उतरते.

क्षारता जुळली तरी निवारा हवा. तिवर, कांदळ, चिपी यांच्या मुळांत पिल्ले मोठ्या माशांपासून लपतात आणि गळून कुजलेल्या पानांवर वाढणाऱ्या बारीक जीवांवर जगतात. गोडे पाणी खाऱ्यात मिसळताना मातीचे कण एकत्र येऊन गाळ बसतो; तिसऱ्या (शिंपले) आणि निवटी (चिखलात राहणारे मासे) याच गाळावर व पुळणीवर अवलंबून असतात. वाळूउपशाने हा तळच जातो. उन्हाळ्यात गरम आणि खाऱ्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो, तेव्हा सांडपाण्याचा थोडा भारही मारक ठरतो.

क्षारतेचे वेळापत्रक माणूसही बदलतो. कोयनेचे पाणी वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठीत सोडले जाते, त्यामुळे दाभोळच्या खाडीला उन्हाळ्यातही गोडे पाणी मिळते. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा याच्या उलट काम करतो. पाऊस संपताना त्याच्या खांबांमध्ये बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घालतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी काढतात. शेतीसाठी ही पद्धत फार उपयोगी आहे. पण भरतीच्या टोकाजवळ असा बंधारा बांधला तर खाडी तेवढी आखूड होते आणि वर चढणारी पिल्ले बरग्यांपाशी अडकतात. बरगे घालण्याची तारीख पिकांसोबत माशांचाही विचार करून ठरवावी.

घाटाच्या पूर्वेचे पाणीही एका खाडीला जाऊन मिळते, पण सुमारे १,४०० किमी लांबीच्या कृष्णेच्या दुसऱ्या टोकाला, आंध्र प्रदेशात हंसलदीवीजवळ. कृष्णेच्या खोऱ्यातला अहिर हा वाम गोड्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला समुद्रात जातो. त्याची पिल्ले त्या मुखातून आत येतात, आणि वर येताना विजयवाड्याचे प्रकाशम बॅरेज, नागार्जुनसागर, श्रीशैलम आणि अलमट्टी ही धरणे त्यांच्या वाटेत आहेत.