कंजुषाची कवडी: अपूर्णांकांचा गुणाकार आणि काटाकाट कुठून आली

एका याचकाने कंजुष माणसापुढे हात पसरला. त्या कंजुषाने एका द्रम्माचा, म्हणजे त्या काळच्या एका नाण्याचा, अर्धा, त्याचे दोनतृतीयांश, त्याचे तीनचतुर्थांश, त्याचा पाचवा भाग, त्याचा सोळावा आणि त्याचाही चौथा भाग काढून याचकाला दिला. तर बाळा, किती कवड्या दिल्या ते सांग. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या 'लीलावती'त हे गणित आहे. अपूर्णांकांचा गुणाकार शिकवायला याहून चांगले उदाहरण मला अजून सापडलेले नाही.

वरचे सगळे अंश गुणले की येतात ६. खालचे सगळे छेद गुणले की ७६८०. दोन्हींना ६ ने भाग दिला की उरते १/१२८०. आता त्या काळचे कोष्टक बघा: २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म. २० गुणिले ४ गुणिले १६, म्हणजे द्रम्माच्या कवड्या नेमक्या १२८०. एवढी चिरफाड करून त्याने दिली फक्त एक कवडी!

६/७६८० हे उत्तरही चूक नाही. पण त्यात कवडी दिसत नाही. संक्षेप केल्यावरच ती दिसते. मुलांना आपण 'उत्तर अतिसंक्षिप्त रूपात लिहा' असे सांगतो आणि ती ते वहीच्या टापटिपीसाठी पाळतात. मुळात ही गरज व्यवहारातली आहे: आलेला हिस्सा कुठल्या नाण्यात, कुठल्या मापात द्यायचा, हे त्याशिवाय ठरत नाही.

भागाच्या भागाला भास्कराचार्य 'प्रभाग' म्हणतात. मराठीत हा गुणाकार 'चा-ची-चे' या प्रत्ययात बसलेला आहे. 'अर्ध्याचा पाव' म्हटले की १/२ गुणिले १/४ झालेच. सरळ गुणाकाराचा नियमही एका ओळीचा आहे: 'अंशाहतिश्छेदवधेन भक्ता', अंशांच्या गुणाकाराला छेदांच्या गुणाकाराने भागा. हा नियम त्यांच्याही आधीचा. भिनमाळच्या ब्रह्मगुप्ताने ६२८ साली तो दिला होता. त्याहून कितीतरी जुन्या इजिप्तमधले लेखनिक २/३ चा अपवाद सोडला तर अंशस्थानी १ असलेलेच अपूर्णांक लिहीत. साध्या गुणाकारालाही त्यांना दुपटी करत जावे लागे आणि तयार तक्ते जवळ ठेवावे लागत.

आपल्याकडच्या हस्तलिखितांत अंश वर आणि छेद खाली असे, मधे रेघ नसे. ती आडवी रेघ बाराव्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या अरबी गणितींच्या लेखनात दिसू लागते. अंश आणि छेद हे शब्द मात्र तेच राहिले. ज्या संख्येला छेद नाही तिच्याखाली १ मानावा, हेही 'लीलावती'त आहे. बाई फळ्यावर ५ च्या खाली १ लिहायला सांगतात ती रीत इतकी जुनी आहे.

संक्षेपाला भास्कराचार्यांचा शब्द 'अपवर्तन'. मोठा सामाईक विभाजक पटकन दिसत नसेल तर काय करायचे, हे 'लीलावती'तल्या कुट्टकाच्या, म्हणजे पूर्णांकी उत्तरे काढायच्या समीकरणांच्या, प्रकरणात येते: दोन संख्या एकमेकींनी भागत जा, शेवटी उरतो तो विभाजक; त्यालाही ते अपवर्तनच म्हणतात. तिथलेच आकडे घेऊ, २२१ आणि १९५. २२१ ला १९५ ने भागले, बाकी २६. १९५ ला २६ ने भागले, बाकी १३. २६ ला १३ ने पूर्ण भाग गेला. म्हणून १३. २२१/१९५ चे झाले १७/१५. युक्लिडची रीतही हीच आणि आपला शाळेतला मसावि तो हाच. अशा, आणखी भाग न जाणाऱ्या जोडीला भास्कराचार्य 'दृढ' म्हणतात. मला हा शब्द 'अतिसंक्षिप्त'पेक्षा फार आवडतो.

या विद्येचा एक धागा थेट खानदेशात येतो. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

पुढे सामान्य माणसापर्यंत अपूर्णांक पोचले ते पाढ्यांतून: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी. माझे आजोबा हे सगळे एका दमात म्हणत. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. असे चलन असताना दुसरा इलाजही नव्हता. दीड आणा शेर असलेली वस्तू अडीच शेर घेतली तर ३/२ गुणिले ५/२, म्हणजे १५/४, पावणेचार आणे. तीन आणे तीन पैसे मोजून हातावर. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले, पाठोपाठ किलो-ग्रॅम आले आणि औटकीचे काम संपले.

पाढे गेल्याचे मला दुःख नाही. दुःख याचे आहे की काटाकाट उरली आणि तिचे कारण गेले. २/३ गुणिले ३/४ मध्ये वरचा ३ आणि खालचा ३ उडतो, कारण गुणाकारात सगळे अंश मिळून एकच संख्या होते, सगळे छेद मिळून एकच, आणि दोन्हीकडून एकच अवयव काढला तर हिस्सा बदलत नाही. हे न कळलेला मुलगा २/३ अधिक ३/४ मध्येही तेच तीन उडवतो. त्याला लाल रेघ मिळते, कारण मिळत नाही.

त्याला एकदा मंडईत न्यावे. तिथे 'मिरच्या अदपाव द्या' अजून चालते. अर्धा आणि पाव, दोन्ही त्या एका शब्दात आहेत. भाजीवाली विचार न करता मिरच्या तोलते आणि काट्यावर आकडा येतो १२५ ग्रॅम, किलोचा बरोबर आठवा भाग.