वासराचा पाय मोडला, तर डॉक्टर येईपर्यंत

वासरू लंगडतंय म्हणून दुकानात येणारे बहुतेक जण आधी मलम मागतात. आम्ही आधी विचारतो: पाय टेकतंय का? थोडं लंगडत का होईना, पण टेकत असेल तर मुका मार असू शकतो. पाय अधांतरी लोंबत असेल, नळी (गुडघा किंवा टाचेचा सांधा आणि खुराच्या वरचा सांधा यांमधलं लांब हाड) भलतीकडे वाकली असेल किंवा हात लावल्यावर आत करकर लागत असेल, तर हाड मोडलंय असंच धरून चाला. १९६२ या टोल फ्री क्रमांकावर किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन करा आणि वासराला उभं करायचा प्रयत्न सोडा.

लहान वासरात सर्वांत जास्त मोडते ती पायाची नळी, आणि अनेकदा ती जन्मतानाच मोडते. गाय अडली की पायाला बारीक सुतळी बांधून चौघं मिळून ओढतात. दोर जाड, मऊ आणि स्वच्छ हवा. एक फास खुराच्या वरच्या सांध्याच्या वर आणि दुसरा वेढा त्याच सांध्याच्या खाली घेतला, तर ताण विभागला जातो. ओढायचं ते गाईच्या कळेबरोबर. ट्रॅक्टर लावून तर कधीच नाही.

आधार कसा द्यायचा

मोडलेला पाय ओढून सरळ करू नका. आहे तसाच धरून भरपूर कापूस गुंडाळा आणि त्यावर उभी चिरलेली पीव्हीसी पाइपची पट्टी किंवा बांबूच्या कामट्या ठेवून रुंद बँडेजने बांधा. तार, सुतळी वापरू नका. घट्ट बांधल्यास रक्त थांबतं, खालचा पाय गार पडतो आणि सडतो. हाड जुळून बरा झाला असता असा पाय आवळलेल्या कामट्यांमुळे गेलेला आम्ही पाहिला आहे.

मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे आधारात आले पाहिजेत. नळी मोडली असेल तर पट्टी खुरापासून थेट गुडघ्याच्या वरपर्यंत, मागच्या पायाला टाचेच्या सांध्याच्या वरपर्यंत घ्या. मांडीचं किंवा फऱ्याजवळचं (खांद्याजवळचं) हाड मोडलं असेल तर मात्र काहीच बांधू नका. तिथे पट्टी अर्ध्यावर संपते आणि तिच्या वजनाने मोडलेली टोकं आणखी हलतात. वासराला पेंढ्यावर आडवं ठेवा, बस्स.

हाड बाहेर आलं असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून जखम धुवा आणि स्वच्छ कापडाने झाका. हाड आत ढकलू नका. हळद, राख, डिझेल यांतलं काहीही लावू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना आठवणीने विचारा.

वेदनाशामक गोळी आमच्याकडे चिठ्ठीशिवाय मागू नका. जनावरांसाठी डायक्लोफेनॅक २००६ पासून बंद आहे, केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक २०२३ पासून. यांतलं औषध अंगात असलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. डॉक्टर सहसा मेलॉक्सिकॅम देतात.

प्लास्टर घातल्यावर

वासरू हलकं असतं, हाड वाढीला लागलेलं असतं, त्यामुळे नळीचा साधा मोड साधारण चार ते सहा आठवड्यांत जुळतो. "गोऱ्हाच (नर वासरू) आहे, कशाला खर्च" म्हणून सोडून देणाऱ्यांशी आम्ही वाद घालतो तो यासाठीच. पण वाढत्या वासराला प्लास्टर तंग होतं, म्हणून डॉक्टरांनी दिलेली तारीख टाळू नका. रोज हात लावून बघा: वरचा भाग सुजलाय का, घाण वास येतोय का, काल टेकत होतं ते आज टेकत नाही का. यांतलं एकही दिसलं तर त्याच दिवशी फोन. गोठ्यात कोरडा पेंढा किंवा पाचट हवं, गुळगुळीत कोबा नको. उठता येत नसेल तर दूध बाटलीने पाजा, रोज वजनाच्या साधारण दहावा हिस्सा. ३० किलोच्या वासराला तीन लिटर, दोन-तीन वेळा विभागून.

एक गोष्ट वेगळी ओळखा. पडल्याचं, लागल्याचं काही नाही, पण दोन-तीन सांधे गरम आणि सुजलेले, अंगात ताप, नाळ ओली: हा मार नाही, नाळेतून गेलेला संसर्ग आहे. त्याला पट्टीचा उपयोग नाही, डॉक्टरांकडून प्रतिजैविक लागतं, तेही लवकर. जन्मल्याबरोबर नाळ आयोडीनमध्ये बुडवली आणि पहिल्या दोन तासांत पोटभर चीक पाजला, तर हा त्रास बराच टळतो.

प्लास्टर आम्ही घालत नाही, ते डॉक्टरांचं काम. कापूस, रुंद बँडेज, आयोडीन दुकानात असतं. पाइपची पट्टी कापून, कडा कानसून देतो. येताना चांगल्या पायाची खुरापासूनची उंची आणि नळीचा घेर दोऱ्याने मोजून आणा.