दुर्बिणीचं ऑपरेशन आणि दान केलेला देह

अस्थिविसर्जनासाठी लांबलांबून माणसं नाशिकला रामकुंडावर येतात. त्याच नाशिकमधली काही घरं मात्र आपल्या माणसाला अग्नी न देता त्याचा देह वैद्यकीय महाविद्यालयाच्या हाती सोपवतात. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची मुलं त्यावर शरीररचना शिकतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण शिकून-सवरून प्रॅक्टिस करणारे सर्जनही अशाच देहांवर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सराव करतात, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ हे शब्द खेड्यापाड्यांत पोचले ते कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून. पित्ताशयाची पाळी नंतर आली. जर्मनीत एरिक म्यूह यांनी १९८५ मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, फ्रान्समध्ये फिलिप मूरे यांनी १९८७ मध्ये. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी १९९० मध्ये ते करून दाखवलं.

तंत्र झपाट्यानं पसरलं, शिकवण्याची सोय मागे राहिली. पोट उघडून काम करण्याची सवय असलेल्या हातांना इथे सगळंच नवं होतं. नजर पडद्यावर, अवजार लांबलचक, बोटांना स्पर्श जवळजवळ नाहीच. पोर्टचा, म्हणजे पोटावरच्या छिद्रात बसवलेल्या ज्या नळीतून अवजार आत जातं तिचा, टेकू होतो, त्यामुळे हात उजवीकडे नेला की आतलं टोक डावीकडे जातं. कित्येकांनी एक-दोन दिवसांची कार्यशाळा केली आणि पुढचं थेट रुग्णावर शिकले. त्या वर्षांत मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा वाढलं. पित्ताशयाची नळी समजून मुख्य नलिकाच कापली जायची. साध्या खड्यांसाठी आलेल्या माणसाला त्यापायी पुन्हा मोठं ऑपरेशन सोसावं लागायचं. ही किंमत रुग्णानं मोजली, हे मला विसरता येत नाही.

बंद खोक्यात अवजारं घालून पडद्यावर बघत केलेल्या सरावानं हात बसतो, पण खरे थर, खऱ्या रक्तवाहिन्या तिथे नसतात. त्या मृतदेहात असतात. अडचण होती फॉर्मलीनची, म्हणजे देह टिकवायच्या रसायनाची. त्यात मुरलेला देह ताठरतो, वायू भरला तरी पोट फुगत नाही, मग दुर्बिणीला जागा कुठून मिळणार? ऑस्ट्रियातल्या ग्राझचे वॉल्टर थील यांनी १९९२ मध्ये देह मऊ ठेवणारी पद्धत प्रसिद्ध केली. दुसरा मार्ग म्हणजे उणे २० अंशांच्या आसपास गोठवून सरावाआधी हळूहळू वितळवणं. रक्त वाहत नाही, त्यामुळे रक्तस्राव आवरणं इथे शिकता येत नाही, तेवढी उणीव राहतेच.

कायद्याची वाट मुंबई प्रांतात १९४९ च्या शरीररचनाशास्त्र अधिनियमानं मोकळी केली. बेवारस देह शिक्षणासाठी मिळू लागले. नाशिकला आडगावचं वैद्यकीय महाविद्यालय १९९० मध्ये सुरू झालं, आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये आलं.

स्वेच्छेनं दिलेल्या देहाची गोष्ट मात्र घरच्यांवर अवलंबून असते. अर्ज भरलेला असला, तरी शेवटी फोन करायचा असतो तो घरच्यांनीच, तोही काही तासांत. शवविच्छेदन झालेला देह सहसा स्वीकारत नाहीत. रात्री-अपरात्री, रडणाऱ्या घरात, कुणीतरी तो नंबर शोधतो आणि शववाहिका बोलावतो.