रेसिपी कोणाची? घरगुती पाककृतींच्या देवाणघेवाणीची पार्श्वभूमी

आपली आवडती घरची रेसिपी दुसऱ्या घरी स्वयंपाक करणाऱ्याला द्यायची आणि त्याची आपण घ्यायची, यात नवीन काही नाही, बदललंय ते फक्त माध्यम, असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. माध्यम बदललं तसं रेसिपीसोबत काय काय जातं तेही बदललं, आणि सगळ्यात जास्त मागे पडलं ते म्हणजे ही कृती आली कोणाकडून, ही नोंद. अमक्याने माझी रेसिपी उचलली आणि साधं नावसुद्धा दिलं नाही, असे वाद हल्ली सारखे होतात. मग एक गट म्हणतो रेसिपीवर कोणाचाच हक्क नसतो, दुसरा म्हणतो असतोच, आणि दोघंही कायद्याचा हवाला देतात. हे सगळं कुठून आलं ते बघायला थोडं मागे जावं लागतं, पण फार मागे नाही.

फार मागचं थोडक्यातच सांगतो. लिहून ठेवलेल्या सगळ्यात जुन्या पाककृती म्हणून ज्या दाखवल्या जातात त्या साधारण 3700 वर्षांपूर्वीच्या, मेसोपोटेमियातल्या मातीच्या पाट्यांवरच्या. बऱ्याचशा रश्श्याच्या आहेत, प्रमाण जवळजवळ नाहीच, ज्याला पदार्थ आधीपासून येतो त्याला आठवण राहावी एवढ्यापुरतं लिहिलेलं. त्यानंतरची हजारो वर्षं आपल्या विषयासाठी सोडून दिली तरी चालतील, कारण घरच्या माणसाने घरच्या माणसासाठी लिहिलेलं फारसं काही शिल्लकच नाही. जे उरलंय ते बहुतेक राजेरजवाड्यांच्या स्वयंपाकघरांचं.

घरगुती देवाणघेवाण कागदावर नीट दिसायला लागते ती 16व्या, 17व्या शतकातल्या इंग्लंडमधल्या हस्तलिखित वह्यांमध्ये. जेवणाच्या कृती आणि घरगुती औषधं एकाच वहीत, आईकडून मुलीकडे गेलेली वही, मध्येच बदललेलं हस्ताक्षर. आणि जवळपास प्रत्येक वहीत कृतीच्या डोक्यावर नाहीतर शेवटी लिहिलेलं असतं की ही कोणाकडून मिळाली, कुठल्या बाईंची, कुठल्या काकूंची, कुठल्या डॉक्टरांची. काही कृतींपुढे लॅटिनमध्ये शेरा असतो की करून पाहिली, सिद्ध झाली, आणि ज्या फसल्या त्यांच्यावर सरळ काट मारलेली. म्हणजे नाव लिहिणं ही मालकीची भानगड नव्हतीच, खात्रीची होती. कोणाच्या हातची आहे ते कळलं की विश्वास किती ठेवायचा ते कळतं, आणि अडलं तर विचारायचं कोणाला तेही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि आजच्या वादात तिच्याबद्दलच कोणी बोलत नाही.

छपाई आली आणि हे विस्कटलं. 1845 मध्ये इंग्लंडमधल्या एका लेखिकेने घरगुती स्वयंपाकाचं पुस्तक काढलं आणि प्रत्येक कृतीच्या शेवटी साहित्य नि प्रमाण वेगळं काढून दिलं, जे तेव्हा अजिबात रुळलेलं नव्हतं. पुस्तक तुफान चाललं आणि लोकांनी त्यातल्या कृती भराभर उचलल्या. 1855 च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत या बाईंनी उघड तक्रार केली आहे की माझ्या कृती माझं नाव न घेता वापरल्या जातायत, आणि आपल्या स्वतःच्या कृतींच्या नावापुढे त्या 'लेखिकेची कृती' असं छापायला लागल्या. पुढे 1861 मध्ये एक जाडजूड गृहव्यवस्थापनाचं पुस्तक आलं, त्यात साहित्याची यादी कृतीच्या वर गेली, आज आपण पाहतो तशी. त्यातल्या कितीतरी कृती इतरांच्या पुस्तकांतून घेतलेल्या होत्या, या बाईंच्याही. नाव मात्र झालं ते दुसऱ्या पुस्तकाचं. आजच्या भांडणातलं एकही वाक्य असं नाही जे तेव्हा बोललं गेलं नसेल.

अमेरिकेत जरा वेगळी वाट निघाली. यादवी युद्ध चालू असताना 1864 मध्ये फिलाडेल्फियात जखमी सैनिकांच्या मदतीसाठी एक पाककृतींचं पुस्तक विकलं गेलं आणि तिथून वर्गणीच्या पुस्तकांची परंपराच पडली. चर्चच्या, शाळेच्या, महिला मंडळाच्या बायकांनी आपापल्या कृती द्यायच्या, पुस्तक छापायचं आणि आलेला पैसा कामाला लावायचा. या पुस्तकांत पुढे प्रत्येक कृतीखाली देणारीचं नाव छापायची पद्धत रूढ झाली, म्हणजे वहीतली सवय छापील पानावर परत आली. वर्तमानपत्रांतल्या वाचक सदरांतही तेच. टोपणनावाने का होईना, कोणी विचारलं आणि कोणी सांगितलं हे दिसायचं. मापांचा घोळ मिटवायचा प्रयत्न याच काळातला. 1896 च्या बॉस्टनमधल्या एका पाठ्यपुस्तकाने सपाट भरलेला कप आणि सपाट चमचा यांचा आग्रह धरला, आणि त्यामुळे अनोळखी माणसाची कृतीसुद्धा करून बघता येईल अशी शक्यता तयार झाली. अर्थात कप कुठला हा प्रश्न राहिलाच. अमेरिकेतला साधारण 237 मिलीचा, ऑस्ट्रेलियातला 250 चा, जपानमधला 200 चा, आणि ऑस्ट्रेलियात मोठा चमचासुद्धा 15 ऐवजी 20 मिलीचा. एका देशातली रेसिपी दुसऱ्या देशात बिघडते त्यामागे बऱ्याचदा एवढंच कारण असतं.

आता कॉम्प्युटरच्या काळाकडे येऊ, कारण आजच्या सवयी इथे घडल्यात. 1980 च्या दशकात विद्यापीठं आणि कंपन्यांची मशीन जोडून जे चर्चागट चालायचे त्यात स्वयंपाकाचा गट अगदी सुरुवातीपासून होता. त्यातूनच एक संपादित रेसिपी गट निघाला. तिथे आलेली प्रत्येक कृती एक माणूस तपासून ठरावीक साच्यात बसवायचा आणि मग पाठवायचा, घरी छापून वहीला लावता येईल अशा रूपात, आणि अमेरिकन की मेट्रिक ते माप निवडायची सोय त्यात. त्यातलं एखादं पान काढून बघा. वर पदार्थाचं नाव आणि थोडी ओळख, मग साहित्य, कृती, टिपा, आणि खाली तीन शेरे: अवघड किती, वेळ किती, आणि माप किती काटेकोर हवं. या तिसऱ्या ठिकाणी 'अंदाजे माप चालेल' असं लिहिलेलं दिसतं, आणि खरं सांगायचं तर नवख्या माणसाला याच्याइतकी उपयोगी ओळ दुसरी नाही, आजच्या साइट्सवर ती का नाही मला कळत नाही. सगळ्यात शेवटी कृती देणाऱ्याचं नाव, तो काम करतो ती जागा आणि ईमेल. हक्कांची ओळ पण होती. हक्क कोणा एकाचा नाही, सगळ्या समूहाच्या नावाने, कॉपी खुशाल करा, फक्त धंद्यासाठी नको आणि ही ओळ काढू नका.

1986-87 मध्ये सगळ्या चर्चागटांची नावं नव्याने लावली गेली तेव्हा या गटाला जे नाव मिळणार होतं ते चालवणाऱ्याला पटलं नाही. मग कॅलिफोर्नियातल्या एका बार्बेक्यू हॉटेलात काही जण बसले आणि त्यांनी गटांची एक वेगळी पर्यायी शाखाच काढली, जी पुढे प्रचंड वाढली. तिची सुरुवात ज्या मोजक्या गटांनी झाली त्यात हा रेसिपींचा गट होता.

त्याच सुमाराला घरगुती कॉम्प्युटरवर रेसिपी साठवायचं एक सॉफ्टवेअर पसरलं. त्याचा साचा असा की आकडा ठरावीक रकान्यात, मापाला जेमतेम दोन अक्षरं (टीएस म्हणजे छोटा चमचा, टीबी म्हणजे मोठा), मग जिन्नस. एका मशीनवरून दुसऱ्यावर फाइल टाकली की रेसिपी आपोआप आत. सोय मोठीच होती, पण नेमकं इथंच घोडं पेंड खातं, कारण कोणाकडून आली यासाठी त्या साच्यात रकानाच नव्हता. लोकांनी आपली सोय केली, कृती संपली की खाली लिहायचे, अमक्याने पाठवली, तमक्याने साच्यात बसवली. फाइल हातोहात फिरली की अशा दोन तीन ओळी साठायच्या. मग कोणीतरी हजारो कृतींचा गठ्ठा करताना त्या ओळी अडगळ म्हणून उडवायचा. नाव गेलं ते कोणाच्या दुष्टपणाने नाही, बहुतेक वेळा असंच गेलं.

आणि मग 1996. रेसिपीवर कोणाचा हक्क नसतो असं ठासून सांगणारे ज्या निकालावर बोट ठेवतात तो या वर्षीचा, शिकागोतल्या अमेरिकन अपील कोर्टाचा. एका प्रकाशकाने 1988 मध्ये दह्याच्या पाककृतींचं एक छोटं पुस्तक काढलं होतं. दुसऱ्या प्रकाशकाच्या पुस्तकांत जवळपास त्याच कृती आल्या, शब्द थोडे इकडेतिकडे करून. खालच्या कोर्टाने पहिल्याच्या बाजूने मनाई हुकूम दिला आणि अपील कोर्टाने तो कृतींच्या बाबतीत रद्द केला. म्हणणं असं की साहित्याची यादी ही निव्वळ माहिती आहे, आणि काय आधी घाला काय नंतर घाला हे सांगणं म्हणजे पद्धत, आणि पद्धतीला कॉपीराइट नसतो.

हे आता इतकं गृहीत धरलं जातं की त्याआधी उलटं मत होतं हे कोणी सांगतच नाही. 1924 मध्ये अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका अपील कोर्टाने मालाच्या लेबलवर छापलेल्या पाककृतींना कॉपीराइट मिळू शकतो असं म्हटलं होतं, आणि 1996 च्या कोर्टाने ते वाचूनच वेगळी भूमिका घेतली. शिवाय या निकालात एक भाग असा आहे जो वादात कोणी पुढे आणत नाही. कोर्टाने सगळ्या रेसिपींना एकाच मापाने मोजलं नाही. एखादा लेखक कृती सांगता सांगता स्वयंपाकाबद्दलचं चिंतन, वासाबरोबर येणाऱ्या आठवणी, मांडणीच्या सूचना असं काही गुंफत असेल तर त्या लिखाणाला संरक्षण मिळू शकतं, असं तिथे स्पष्ट आहे. म्हणजे रेसिपी कोणाचीच नाही असा तो निकाल नाहीच, कोरडी कृती कोणाची नाही आणि तुमचे शब्द तुमचे, असा आहे. आणि तोही एका देशातल्या एका विभागातल्या कोर्टाचा, दोन व्यावसायिक प्रकाशकांच्या भांडणातला. त्यातून घरी स्वयंपाक करणाऱ्यांनी एकमेकांशी कसं वागावं हे काढणं म्हणजे ओढूनताणून आणलेला अर्थ आहे.

पण झालं तेच. वेब नुकतंच घराघरात शिरत होतं आणि हातात आयतं उत्तर आलं. सोबत 'तीन गोष्टी बदला की रेसिपी तुमची' हे पिल्लूही फिरत राहिलं, ज्याला कुठल्याही कायद्यात आधार नाही आणि तरी आजही लोक छातीठोकपणे सांगतात. पाककलेतल्या व्यावसायिकांच्या एका संघटनेने याच्या उलट, कायदा काहीही म्हणो, कृती थोडी बदलली असेल तर 'अमुकवर आधारित' आणि फक्त कल्पना घेतली असेल तर 'अमुकवरून सुचलेली' असं लिहावं, अशा सूचना काढल्या. चांगल्या आहेत, व्यवहारात वापरता येण्यासारख्या आहेत, पण त्या संघटनेबाहेर पोचायला फार वेळ लागला.

1997 मध्ये सिएटलमध्ये काही विद्यार्थ्यांनी कुकीजच्या रेसिपींची साइट काढली आणि ती वाढून सगळ्याच रेसिपींची झाली. वाचकांचीच कृती, वाचकांचेच तारे, खाली वाचकांचेच शेरे. 1998 मध्ये जपानमध्ये अशीच एक साइट आली आणि तिथे पुढे एक सुंदर सोय झाली, दुसऱ्याची कृती करून बघितली की आपल्या ताटलीचा फोटो मूळ माणसाला पाठवायचा, तो त्या कृतीखालीच दिसतो. जुन्या वह्यांतला 'करून पाहिली' हा शेरा इथे जसाच्या तसा परत आला, आणि कृती देणाऱ्याला कळलं तरी की कोणी केली. एवढी साधी गोष्ट बाकीच्यांनी उचलली असती तर निम्मी भांडणं झालीच नसती.

फेब्रुवारी 2011 मध्ये सगळ्यात मोठ्या सर्च इंजिनने रेसिपींसाठी वेगळा शोध सुरू केला आणि पानावरचा मजकूर मशीनला समजेल अशा रकान्यांत भरायची गरज पडायला लागली. पुन्हा साचा, पुन्हा रकाने. कृतीच्या वर लांबलचक गोष्टी लिहायची पद्धत याच वर्षांत फोफावली, थोडी जाहिरातींसाठी, थोडी शोधात वर येण्यासाठी, आणि थोडी खरंच सांगायचं होतं म्हणून. लोक वैतागले. 2021 च्या सुरुवातीला कोणीतरी असं टूल आणलं की गोष्ट आणि जाहिराती कापून नुसती कृती हातात, आणि रेसिपी लिहिणाऱ्यांचा इतका भडका उडाला की ते जेमतेम एका दिवसात बंद करावं लागलं. वाचकांचा वैताग मला समजतो. पण त्या गोष्टीतच तर ती कृती कोणाची, कुठून आली, काय बदललं, हे असायचं, आणि कायद्याने संरक्षण मिळण्यासारखा भाग म्हणाल तर तोही तोच.

ते टूल गेलं तरी तेच काम करणारी कितीतरी ॲप्स आज आहेत. लिंक द्या, यादी आणि पायऱ्या उचलून आणतात, त्या मशीनसाठीच्या रकान्यांतूनच. त्या रकान्यांची रचना बघितली तर मूळ कशावर आधारित ते सांगायला जागा आहे, पण सर्च इंजिन रेसिपीसाठी सक्तीच्या म्हणून दोनच गोष्टी मागतं, पदार्थाचं नाव आणि फोटो. लिहिणाऱ्याचं नाव ऐच्छिक आहे, आणि ज्याच्याकडून त्याने घेतली त्याचं नाव तर त्या सूचनांमध्ये कुठे येतच नाही.